बंडप्पांच्या दारातले अंजन गवत

मी एक जुने अंजन गवत आहे. बंडप्पा आणि शिवकांताबाई यांची एकुलती एक मुलगी गायत्री लग्न होऊन नळदुर्गला गेली, त्या वर्षी, म्हणजे २००१ साली, मी जळकोटच्या या अंगणात आले. त्याआधी मी त्यांच्याच शेताच्या मुरमाड बांधावर होते. बांधावरच्या गवताची कोणी चौकशी करत नाही. जनावरे खातात, विळा कापतो, पाऊस झाला की आम्ही पुन्हा उगवतो.

त्या दिवशी बंडप्पा बांध साफ करत होते. त्यांची कुदळ माझ्या बुडाशी पडली आणि मी मुळांसकट उलटे झाले. शिवकांताबाई जवळच भाकरी सोडत बसल्या होत्या. त्या उठल्या, मुळांची माती न झाडता त्यांनी मला ओल्या पोत्यात गुंडाळले.

"हे कशाला?" बंडप्पांनी विचारले.

"दारात लावते."

"गवत? दारात?"

"पोरगी गेली. आता अंगणात बघायला काय हाय? तुरे बघा की कसे जांभळे आलेत."

"म्हशीला घालायचं सोडून दारात लावते म्हणं," असे म्हणून बंडप्पा पुन्हा कुदळ चालवू लागले.

शेजारच्या रुद्रम्मा वयाने मोठ्या आणि जिभेने त्याहून मोठ्या. मला लावताना त्यांनी भिंतीवरून डोके काढले. "अगं शिवकांता, दारात गवत उगवतं ते कुलूप लागलेल्या घराच्या. तू तर हातानं लावायलीस."

"अक्का, कुलपाच्या घरचं गवत आपोआप येतंय. ह्याला म्या आणलंय. बोलावून आणलेला पाव्हणा हाय ह्यो."

मित्रांनो, ते शब्द मी अजून विसरलेले नाही. त्या दिवसापर्यंत मला कोणी कुठे बोलावले नव्हते.

शिवकांताबाईंना माझा स्वभाव नीट कळला होता. मला त्यांनी भर उन्हात लावले आणि पाणी बेताने दिले. श्रावणात माझे तुरे निघत, मांजराच्या शेपटीसारखे मऊ. शाळेत जाणारी मुले त्यांवरून हात फिरवून जात. चिमण्या माझी पाती ओढून घरट्याला नेत. माझे बी बंडप्पांच्या धोतराला चिकटे. ओट्यावर बसून ते एकेक बी वेचत आणि म्हणत, "तुझं गवत माझ्यासंगं बाजारापर्यंत येतंय बघ."

"येऊ द्या की. तुमच्यावर ध्यान ठेवायला लावलंय त्याला," शिवकांताबाई आतून म्हणत.

आमच्या भागात मार्गशीर्ष अमावास्येला येळवस असते. शेतात कडब्याची खोप करतात, आत पांडव म्हणून पाच दगड पूजतात आणि सगळे मिळून आंबील-भज्जी जेवतात. येळवशीच्या आदल्या दिवशी शिवकांताबाई विळा घेऊन मला कापायच्या. खाली वीतभर बुडखा ठेवायच्या. माझ्या वाळलेल्या तुऱ्यांची पेंडी दुसऱ्या दिवशी खोपीच्या शेंड्यावर खोचलेली असायची. बंडप्पा माझ्याकडे बघून म्हणायचे, "ह्याचं जावळ काढलं की." मी उन्हाळाभर तसेच बोडके राहायचे आणि मृगानंतर पुन्हा हिरवे व्हायचे.

आणखी एक गोष्ट त्या करत. ती बंडप्पांना ठाऊक नव्हती. गवताचे बेट पाच-सहा वर्षांनी मधून मरू लागते, फक्त कड जिवंत राहते. म्हणून २००७ साली आणि पुन्हा २०१३ साली, जमीन ओली असताना आणि बंडप्पा बाजाराला गेलेले असताना, त्यांनी मला उपटले, कुऱ्हाडीने फोडले, चांगला तुकडा परत जागेवर लावला आणि दुसरा पदराखाली घेऊन त्या रुद्रम्मांकडे गेल्या. २०१९ साली तिसरी पाळी होती. पण त्या पावसाळ्यात त्यांना अंथरुणातून उठवत नव्हते.

त्याच वर्षी येळवशीला चार दिवस राहिले असताना त्या गेल्या. माझे तुरे तेव्हा वाळून उभे होते. पुढे गायत्रीने विळा हातात घेतला, तर बंडप्पांनी तिचा हात धरला.

"राहू दे. तिनं कापलं न्हाय, आता कुणी कापायचं न्हाय."

त्यानंतर माझी जी दशा झाली, तिला मी दुर्लक्ष कसे म्हणू? बंडप्पा सकाळ-संध्याकाळ मला कळशीभर पाणी घालत. बुडाशी शेणखताचा ढीग लावत. जेवण झाले की माझ्याजवळ येऊन बसत आणि शेताच्या, पावसाच्या गोष्टी सांगत. विळा मात्र लागू देत नसत. जुनी पाती नव्या कोंबांवर पडून राहिली, बुडातली ओल कधी हटली नाही, मूळ कुजू लागले. टोपलीचे बूड निघून जावे आणि कड तेवढी उरावी, तसे मी झाले. २०२३ च्या जुलैअखेर मला एकच तुरा आला, तोही वाकडा.

तेव्हा गायत्री माहेरी आली होती. तिने वाकून माझ्या मधोमध हात घातला. हात काळा होऊन वर आला.

"अप्पा, मधलं सगळं मेलंय. उपटून, फोडून लावावं लागंल."

"माझ्या जित्तेपणी ह्याला कुदळ लागणार न्हाय."

"मग तुमच्या जित्तेपणीच वाळून जाईल."

बंडप्पा माझ्याजवळ खाली बसले. मग म्हणाले, "तिच्या हातचं एवढंच उरलंय, गायत्री. हे फोडलं आन लागलंच न्हाय, तर म्या कुणाजवळ बसू?"

भिंतीपलीकडून काठीचा आवाज आला. "बंडप्पा अण्णा, जरा माझ्या परसात या."

"आता कशाला, रुद्रम्मा?"

"या म्हणलं की."

भिंतीपलीकडचे मला दिसत नाही, पण बोलणे सगळे ऐकू येते.

"हे कुठनं आणलं?" बंडप्पांचा आवाज बदलला होता.

"तुमच्याच दारातलं हाय. शिवकांतानं दिलं. पाच-सहा वर्षाला उपटायची, कुऱ्हाडीनं दोन करायची, एक तिकडं, एक इकडं. तिनं गेल्या खेपेला दिलेला तुकडा म्या गेल्या पावसाळ्यात फोडला. बघा कसा तरारलाय."

"मला कधी बोलली न्हाय."

"बोलून काय व्हणार? म्हशीला घाल म्हणला असता."

"आन तू? तू तर तिला हसत व्हतीस."

"हसले दारात. लावलं परसात."

बंडप्पा परत आले आणि ओट्यावर बसले. धोतराला दोन बिया चिकटल्या होत्या. त्या वेचून त्यांनी हातात धरल्या आणि टाकल्या नाहीत.

"कुदळ आण," ते म्हणाले.

"द्या, मी करते अप्पा."

"न्हाय. बांधावर बी म्याच खणलं व्हतं."

मित्रांनो, मला दुखले. खोटे कशाला सांगू? पण कुजलेले मूळ सुटल्यावर इतक्या वर्षांनी मला वारा लागला. माझ्या कडेचे तीन जिवंत तुकडे निघाले. एक दारात राहिला, तोच मी. एक ओल्या पोत्यात गुंडाळून गायत्रीने नळदुर्गला नेला. तिसरा बंडप्पांनी स्वतः शेतात नेऊन शिवकांताबाईंच्या समाधीजवळ लावला.

"म्हशीला काय ठेवलं?" रुद्रम्मांनी भिंतीवरून विचारले.

"मधलं. ते तीबी खाईना," बंडप्पा म्हणाले, आणि चार वर्षांनी मी त्यांना हसताना ऐकले.

त्या वर्षी येळवशीच्या आदल्या दिवशी त्यांनी मला आपल्या हाताने कापले. बोटे पसरून मोजली आणि वीतभर बुडखा ठेवला. तुरे थोडेच होते. ते खोपीच्या शेंड्यावर गेले.

आता या दाराला कुलूप आहे. मला पाणी पावसाचे, ते पुरते. येळवशीला गायत्री येते आणि विळा लावून जाते. रस्त्याने जाणारा कोणी म्हणतो, "घर बंद पडलं जणू, दारात गवत उगवलंय." मग भिंतीपलीकडून रुद्रम्मा त्याला सांगतात, "उगवलं न्हाय बाबा. बोलावून आणलेलं हाय."

मित्रांनो, तुमच्याही अंगणात माझ्यासारखे एखादे बेट लावा. त्याला ऊन द्या, पाणी बेताने घाला, वर्षातून एकदा कापा. पाच-सहा वर्षे झाली की उपटून फोडा आणि शेजाऱ्याला एक तुकडा द्या. ज्याच्यावर जीव आहे त्याला विळा लावणे जड जाते, हे मी पाहिले आहे. तरी लावा.

शिवकांताबाई २२ डिसेंबर २०१९ रोजी गेल्या. बंडप्पा २५ फेब्रुवारी २०२५ रोजी, महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी, पहाटे गेले. दोघांच्या समाध्या शेतात शेजारी शेजारी आहेत, आणि मधल्या जागेत अंजन गवत आहे.