मला पालवी फुटत नाही

मित्रांनो, निडीहून डोंगराकडे जाणाऱ्या वाटेवर ऐनाच्या झाडांमध्ये एक परकं झाड उभं आहे, ते मी. मी पाइन. इथं मला सगळे ‘छत्रीवालं झाड’ म्हणतात.

माझं बी इटलीचं. तिथल्या कोरड्या डोंगरांवर माझे भाऊबंद छत्र्या उघडून ऐटीत उभे असतात. रोह्याच्या दामोदर मास्तरांचा भाऊ बोटीवर नोकरीला होता, त्यानं आमचं एक फळ आणलं. मास्तरांनी चार बिया इथं शेताच्या कडेला लावल्या. पहिल्याच पावसाळ्यात तिघांची मुळं कुजली. मी वाचलो तो बायजामुळे. मास्तरांची शेती करणाऱ्या विठूची ही बायको. तिनं माझ्या बुंध्याशी दगड-मुरमाची भर घातली, पाण्याला चर काढून दिला. “पोर परदेशी हाय, त्याला ओल सोसत नाय,” असं ती नवऱ्याला बजावी.

तीस वर्षांत मी चांगला उंच झालो. बायजा माझ्या सावलीत भाकरी खाई. पाहुणे माझ्याखाली उभं राहून फोटो काढत. खोटं कशाला बोलू, मी जरा फुगलोही होतो.

शेजारच्या ऐनांची मात्र मला कीव येई. दर फाल्गुनात विठू कोयता घेऊन चढे आणि त्यांच्या फांद्या उतरवी. भाताचं बी पेरण्याआधी जमीन भाजायला हा पाला लागतो, त्यालाच राब म्हणतात. बोडके झालेले ऐन पावसात पुन्हा फुटत, आधीपेक्षा दाट.

यंदा माझी पानं पिवळी पडू लागली. विठूनं मान वर करून मला न्याहाळलं.

“याला कधी छाटलाच नाय गो, म्हणून मरगळलाय. माथा उतरवला की ऐनासारखा फुटल.”

बायजा घुटमळली. “फुटल ना नक्की?”

“व्हय गो.”

अहो, ऐन वेगळा, मी वेगळा! माझा माथा एकदा गेला की पुन्हा येत नाही. रोह्याला मास्तरांना एक फोन केला असता तरी कळलं असतं. पण मी सांगणार कसा? विठूनं आधी माझ्या खोडाला हात लावून नमस्कार केला, मग घाव घातला. त्याच्या मनात काळंबेरं असतं, तर निदान रागावता तरी आलं असतं.

आता श्रावण आहे. ऐन हिरवेगार झालेत. मी नुसता खांब उरलोय, अंगातून चीक गळतोय. बायजा रोज सकाळी येते, सालीवरून बोट फिरवून कोंब शोधते. परवा तिनं बुंध्याशी नवा मुरूम टाकला. “उशिरा फुटल. परदेशी हाय ना,” म्हणाली.

मित्रांनो, झाडांवर माया करा, पण कोयता उचलण्याआधी त्या झाडाची रीत कुणा जाणत्याला विचारा. आणि कधी निडीला आलात, तर बायजाला यातलं काही सांगू नका. ती उद्या सकाळीही येणार आहे.