पौषातलं पाणी

"मॅडम, किल्ले दाखवू, लेणी दाखवू, का नुसतं फिरवू?" धरमतरच्या पुलावर गाडी घेताना पुंडलिकने विचारलं.

"नुसतं फिरवा," श्यामला म्हणाली. "नदी दिसेल तिथे थांबवा."

"नदी काय, जाल तिथं हाय." त्याने आरशातून तिच्याकडे पाहिलं. "बरोबर माणूस नाय, फोटो नाय, खरेदी नाय. असं गिऱ्हाईक आजवर मिळालं नव्हतं बघा."

पुंडलिक पेणजवळच्या जिते गावचा. आधी कंपनीत शिफ्टवर गाडी चालवायचा. आता स्वतःची गाडी घेऊन लोकांना दोन-तीन दिवसांची सहल घडवायचा. उंचापुरा, बोलका माणूस. रस्त्यात पडका बुरूज दिसला की त्याच्या तोंडून एक राजा निघायचा, आणि तो राजा प्रत्येक ठिकाणी जेवलेला असायचा. श्यामलाने पहिल्या तासातच ओळखलं होतं की या इतिहासावर विसंबून चालणार नाही. पण गाडी तो अलगद चालवायचा, आणि तिला तेवढंच हवं होतं.

खाली खाडीवर धुकं होतं. धुक्यातून एक बार्ज सरकत होती. पाणी दिसत नसल्याने ती हवेतच तरंगते आहे असं वाटत होतं. श्यामलाने काच खाली केली. चिखलाचा आणि मिठाचा वास आत आला. या वासाने काही आठवतं का, म्हणून ती डोळे मिटून थांबली. काही आठवलं नाही.

तिने नाशिकच्या कॉलेजात जन्मभर रसायनशास्त्र शिकवलं होतं. दिसलं तेवढंच लिहा, वाटलं ते लिहू नका, हे तिने इतक्या मुलांना सांगितलं होतं की ती स्वतःही तशीच जगू लागली होती. एक गोष्ट तेवढी तिने कधी तपासली नव्हती.

तिचे वडील, दत्तात्रेय मास्तर, रोह्याला शाळेत शिकवायचे. ती पाच वर्षांची व्हायच्या आत ते गेले आणि आई, मालती, तिला घेऊन नाशिकला माहेरी आली ती पुन्हा कोकणात उतरली नाही. वडिलांची म्हणून श्यामलाकडे एकच आठवण होती. ती त्यांच्या खांद्यावर बसली आहे. आभाळ लख्ख कोरडं आहे. समोर नदी, पण नदीत पाणी नाही, नुसते गोटे. ती हात वर करते आणि चंद्राला हात लावते, मग सूर्याला. चंद्र गार आणि गुळगुळीत. सूर्य खरबरीत. मग कुणीतरी वाळल्या पानांवरून लुगडं ओढत नेल्यासारखा आवाज येतो, आणि गोट्यांमधून पाणी यायला लागतं. पाऊस नाही, ढग नाही, नदी मात्र भरत जाते. वडील हसतात. ते हसणं तिला ऐकू आल्याचं आठवत नव्हतं. ते तिच्या पायांना कळलं होतं, त्यांच्या छातीवर टेकलेल्या पायांना.

दहा-अकरा वर्षांची असताना तिने हे आईला सांगितलं होतं. आई भाजी चिरत होती. तिने विळीवरून मानही वर केली नाही.

"चंद्रसूर्याला हात लावलास? आणि पावसावाचून पूर आला?" आई म्हणाली. "स्वप्न पडलं असेल, बाळ. तुझ्या वडिलांना छातीचा आजार. तू झालीस तेव्हापासून त्यांना पाण्याची कळशी उचलवत नव्हती. तुला कुठून उचलणार?"

आईचं म्हणणं बिनतोड होतं. चंद्रसूर्य हाताला लागत नाहीत. थंडीत नदीला पूर येत नाही. आजारी माणूस मूल खांद्यावर घेत नाही. श्यामलाने तो विषय पुन्हा काढला नाही. पण आठवण पुसलीही नाही. न तपासलेली गोष्ट निदान खोटी तरी ठरत नाही. नाहीतर वडील म्हणून उरले असते ते आईने सांगितलेलेच: खाटेवर, भिंतीकडे तोंड करून निजलेले.

गेल्या पावसाळ्यात आई गेली. त्यानंतर श्यामलाला वाटू लागलं, आता तपासायला हरकत नाही. खोटं ठरलं तर ठरलं.

पेणला दुपारी ते मूर्तींच्या कारखान्यात शिरले. अजून रंग न लागलेले गणपती ओळीने मांडले होते, पांढरे, डोळे न उघडलेले. त्यांच्यामधून चालताना श्यामलाला आपण कुणाच्या तरी झोपेतून चाललो आहोत असं वाटलं. बाहेर आल्यावर तिने सहज विचारावं तसं विचारलं, "पुंडलिकराव, इकडच्या नद्यांना थंडीत पूर येतो का हो?"

"थंडीत?" तो हसला. "थंडीत पूर नाय येत मॅडम, पाहुणे येतात. पोपटी खायला. मडक्यात वालाच्या शेंगा, वर भांबुर्डीचा पाला, की झाले हजर! पूर परवडला, तो निदान एक दिवसात ओसरतो."

ती हसली. पुढचं तिने विचारलं नाही. ही गोष्ट परक्या माणसापुढे बोलून दाखवायची तिला लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी नागोठण्याचा जुना दगडी पूल झाला. पुंडलिकचा राजा तिथेही जेवून गेला होता. मग रोह्याचा रस्ता. भात कधीच कापून झालं होतं आणि त्याच शेतांत आता वाल हिरवागार पसरला होता. अवचितगडाच्या झाडीवर ऊन हळूहळू उतरत होतं. गाडी इतकी संथ चालली होती की झाडंच मागे चालत जात आहेत असं वाटावं. श्यामला बघत राहिली. प्रत्येक वळणावर वाटायचं, आता दिसेल. दिसायची ती दुसरीच काही सुंदर गोष्ट: पाण्यात उभी म्हैस, पाठीवर बगळा, वालाच्या शेतात वाकलेल्या बायका, एका देवळापुढे उन्हात पसरलेले पोहे.

रोह्यात तिने कुंडलिका नदीच्या पुलावर गाडी थांबवायला लावली. खाली रुंद, करडं पाणी होतं. गोटे नव्हते. चहाच्या टपरीवर बसलेल्या दोन म्हाताऱ्यांनाही तिने तोच प्रश्न विचारला.

"थंडीत पूर? नाय बा," एक म्हणाला. "माझ्या उभ्या जन्मात नाय."

"ह्याचा जन्म उभा कुठं झाला? बसूनच चाल्लाय," दुसरा म्हणाला. "पर पूर नाय ताई, ते खरं."

संध्याकाळी लॉजच्या खिडकीत बसून श्यामलाने स्वतःला निकाल सांगून टाकला. स्वप्न होतं. आई बरोबर होती. असं म्हटल्यावर तिला रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. फक्त पायांत काहीतरी रिकामं झालं, बराच वेळ मांडीवर बसलेलं मूल उठून गेल्यावर होतं तसं.

तिसऱ्या दिवशी परतायचं होतं. सकाळी कोलाडपर्यंत आले तर रस्त्यात गाड्यांची रांग. नारिंगी जाकिटं घातलेली पोरं-पोरी गाड्यांतून उतरत होती आणि टपांवर रबरी होड्या बांधल्या होत्या.

"हे आलं मुंबईचं वऱ्हाड," पुंडलिक कुरकुरला. "तुम्हाला शांतता पायजे म्हणून दोन दिवस ह्यांना चुकवत होतो. चला, खांब गावावरून सरळ पनवेल गाठू. काय मॅडम, गप का? पायजे होतं ते मिळालं नाय वाटतं."

श्यामलाने त्याच्याकडे पाहिलं. आता लाजण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिने सगळं सांगितलं: वडील, खांदे, कोरडी नदी, ढगावाचून आलेलं पाणी, चंद्रसूर्य. चंद्र कसा लागला आणि सूर्य कसा, एवढं मात्र तिने आपल्यापाशीच ठेवलं.

पुंडलिकने गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर थाप मारली.

"अहो ताई!" मॅडमची ताई झाली हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. "हे पयल्या दिवशी सांगायचं होतंत! ते तर रोजचं हाय!"

"काय रोजचं?"

"पाणी सुटणं! वर भिऱ्याला वीजघर हाय. रोज सकाळी तिथून पाणी सुटतं नि ही कुंडलिका भरते. हे वऱ्हाड कशाला आलंय मग? त्याच पाण्यात उड्या मारायला! वीजघर काय आजचं नाय, माझ्या आजाच्या काळातलं. तुम्ही विचारलंत पूर येतो का. रोज येतो त्याला पूर कोण म्हणंल?"

"चला, दाखवा," श्यामला म्हणाली.

पुंडलिकने गाडी वळवली आणि मोठा रस्ता सोडून नदीकाठाने वर नेली. "पाणी पोचायच्या आत पोचू. गर्दी खालच्या अंगाला, वरच्या वाडीला कुणी नसतं," तो म्हणत होता. लाल मातीचा रस्ता एका वाडीपाशी संपला. पुढे गोटेच गोटे होते, पांढुरके, उन्हात तापू लागलेले, आणि मध्ये पाण्याची चार डबकी. त्यातल्या एका डबक्याशी एक म्हातारी टोपलीत भांडी भरत होती.

"वरती सरा गो बाय," ती म्हणाली. "आता यील पाणी."

"रोज येतं?" श्यामलाने विचारलं.

"रोज म्हंजे? मी लगीन होऊन आले तवापासून त्याच्या वक्ताला भांडी घासते. सासूपरीस त्याचाच धाक जास्ती." तिने टोपली डोक्यावर घेतली. "बायजा मी. हितं नको उबी राहू, झाडाखाली चल."

तिघं काठावर चढून एका जुन्या पिंपळाखाली उभी राहिली. मग आवाज आला. लांबून, अगदी हलका, वाळल्या पानांवरून कुणी लुगडं ओढत नेत असावं तसा. गोट्यांच्या फटींतून पाण्याची एक जीभ पुढे आली, थांबली, डाव्या हाताला वळली. तिच्यामागून दुसरी. डबकी एकमेकांना मिळाली. वर आभाळ लख्ख होतं, एक ढग नाही, आणि खाली नदी कसलीही घाई न करता भरत चालली होती. झोपेत कूस बदलावी तशी.

"पटलं?" पुंडलिक म्हणाला. तो असा खूष होता, जणू ही नदी त्यानेच सोडली होती.

"नदी पटली," श्यामला म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच शांत होता. "मी हे पाहिलंय. पण ते कुणाच्याही बरोबर पाहिलेलं असू शकतं. बायकांबरोबर चालत आले असेन. गाडीतून पाहिलं असेल. वडिलांनी खांद्यावर घेतलं होतं, हे नदी कसं सांगणार?" ती बायजाकडे वळली. "आजी, फार पूर्वी रोह्याचे एक मास्तर इथे यायचे का? दत्तात्रेय मास्तर. लहान मुलीला घेऊन?"

बायजाने खरोखर आठवून पाहिलं. मग मान हलवली. "मास्तर लई आले नि गेले गो. नाय आठवत. खोटं कशाला सांगू?"

तिने उत्तर गोड करून दिलं नाही हे श्यामलाला आवडलं. तिने पिंपळाला पाठ टेकली. पाठीला खोड लागलं नाही, दगड लागला.

ती वळली. खोडाला चिकटून एक उंच, अरुंद दगड उभा होता. पिंपळाच्या मुळ्यांनी त्याचा तळ पार गुंडाळून टाकला होता. खालच्या चौकटीत ढालतलवार घेतलेला माणूस, त्याच्यावर आडवा पडलेला माणूस, त्याच्यावर हात जोडलेला माणूस. कधीकाळी इथे लढून पडलेल्या कुणाचा तरी वीरगळ. श्यामलाची नजर चौकटी चढत वर गेली. सगळ्यात वर, पानांच्या सावलीत, एका बाजूला चंद्रकोर कोरली होती आणि दुसऱ्या बाजूला किरणांचा सूर्य.

"हा इथेच होता? आधीपासून?" तिने विचारलं.

"त्यो कुठं जातोय? झाडानंच धरून ठेवलाय त्याला," बायजा म्हणाली. "आमी चांदसूर्याचा देव म्हंतो. दसऱ्याला फूल वाहतो पायाशी. वरती कुणाचा हात पोचतोय?"

श्यामलाने टाचा उचलल्या आणि हात लांब केला. ती काही ठेंगणी नव्हती. बोटं चंद्राच्या खाली वीतभर थांबली. ती तशीच उभी राहिली, हात वर, बोटं ताणलेली. मुळ्यांकडे पाहिलं: त्या दगडाच्या तळाला जशा बिलगल्या होत्या, त्यावरून जमीन खचलेली नव्हती की चढलेली नव्हती. मग तिने मनातल्या मनात त्या दगडापाशी एक चार वर्षांचं मूल उभं केलं. त्याचं डोकं ढालतलवारीपाशी आलं. वर पोचायला त्याला एकच वाट होती: कुणाच्या तरी खांद्यावरून.

"पुंडलिकराव," ती म्हणाली, "तुम्ही उंच आहात. जरा हात लावून बघा. कसं लागतं सांगा."

पुंडलिकने चपला काढल्या, एका मुळीवर पाय दिला आणि वर हात नेला. "चंद्र गार हाय," तो म्हणाला. "गुळगुळीत. फरशीवानी." हात बाजूला नेला. "सूर्य खरबरीत हाय. किरणं टोचतात." तो खाली उतरला. "का हो ताई?"

श्यामला दगडाला टेकून खाली बसली. नदी आता काठोकाठ झाली होती, आणि तिचा आवाज बदलून खर्जात गेला होता. छातीचा आजार असलेला, कळशी न उचलणारा माणूस इथवर आला होता. श्वास लागला असेल. थांबत थांबत आला असेल. तरी त्याने मुलीला खांद्यावर घेतलं होतं, तिचा हात चंद्राला लावला होता, आणि पाणी येईपर्यंत तसाच उभा राहून हसला होता. घरी गेल्यावर यातलं काही बोलला नसेल; मालती रागावली असती.

आई खोटं बोलली नव्हती. तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

"चहा ठेवते," म्हणून बायजा घराकडे गेली. पुंडलिकने घड्याळ पाहिलं.

"ताई, निघायचं का? पनवेलला नाशिकच्या गाडीला दुपारी पोचायला हवं ना?"

"पाणी ओसरलं की निघू," श्यामला म्हणाली.

"अहो, ते संध्याकाळ करील!"

"मग संध्याकाळी."

पुंडलिकने तिच्याकडे पाहिलं, नदीकडे पाहिलं, आणि तोही शेजारच्या मुळीवर बसला. "हितं एक राजा जेवला होता, म्हायताय का?" त्याने सुरुवात केली.

"सांगा," श्यामला म्हणाली आणि डोळे मिटले.