झाकलेला उजवा डोळा

बिडकीनच्या त्या मंडपात श्रद्धेला महापूर आला होता आणि बुद्धीने केव्हाच गाव सोडले होते. व्यासपीठावर दृष्टिनाथ महाराज नामक धष्टपुष्ट गृहस्थ विराजमान होते. "कोणता डोळा अधू?" असे मधुमेही भक्ताला विचारून ते तो डोळा आपल्या पवित्र पंजाने झाकीत, दुसऱ्यापुढे सुईएवढ्या छिद्राची तांब्याची चकती धरीत आणि गर्जत, "वाच!"

उजवा डोळा अधू असलेल्या वच्छलाबाईंनी फलकावरील बारीक अक्षरे घडाघडा वाचली. टाळ्या कडाडल्या.

"साखर जळाली, सूज पळाली! आता दवाखाना बंद!" महाराजांनी जाहीर केले.

"सोमनाथ, उद्या डोळ्यात सुई टोचून घ्यायला मी नाय येत," वच्छलाबाई मुलाला म्हणाल्या. "लई भ्या वाटतं."

शहरातील डॉक्टर मीनाक्षींनी मायच्या डोळ्यांच्या पडद्याचे छायाचित्र सोमनाथला दाखविले होते. निरोगी पडद्याच्या मध्यभागी खळगा असतो. तिच्या उजव्या डोळ्यात तिथे भाकरीसारखा फुगवटा होता. इंजेक्शन टळले, तर समोरची नजर कायमची जाण्याचा धोका होता. शिवाय तपासताना डॉक्टरांनी छिद्रांची एक काळी पट्टीही वापरली होती. चकती पाहताच त्याला ती आठवली.

"माय, बांगडीतली पिन दे."

गोळ्यांच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्याने बारीक भोक पाडले आणि तो शेजारच्या वृद्धाला दिला. "कडुबाकाका, चष्मा काढा अन् यातून फलक वाचा."

कडुबांनी वाचला. "आयला! म्हंजी मीबी म्हाराज झालो की!"

मंडप खदखदला.

"बारीक भोकातून मोजकेच किरण शिरतात, म्हणून चष्म्याच्या नंबरामुळे आलेला धूसरपणा कमी होतो," सोमनाथ म्हणाला. "पडद्याची सूज त्यानं उतरत नाही. म्हाराज, आता चकती मायच्या उजव्या डोळ्याला लावा."

"देवाची परीक्षा घेतोस, पाखंड्या?"

तोवर वच्छलाबाईंनी चकती ओढून घेतली होती. पदराने डावा डोळा झाकून त्या उजव्याने पाहू लागल्या.

"मधी नुस्ता काळा डाग हाय. वळी वाकड्या दिसत्यात." त्यांनी चकती खाली केली. "म्हाराज, ह्यो डोळा तुमी झाकला कशापायी?"

महाराज व्यासपीठामागून अंतर्धान पावले. त्या दिवसाचा खरा चमत्कार तेवढाच!

"सोमनाथ," माय पदर सावरीत म्हणाली, "सुई टोचताना हात धरून बसशील ना रे?"

सुज्ञहो, कोणी तुमचा अधू डोळा झाकून तुम्हाला बरे ठरवू लागला, तर प्रथम त्याचा हात बाजूला सारा. मधुमेह असेल, तर डोळ्याचा पडदा डॉक्टरांना दाखवा, चकतीवाल्याला नव्हे.