कॅमेऱ्यातले बाबा

बाबा गेले, आणि त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या वंदनेला मांडायला फोटो नव्हता. बाबा, म्हणजे धोंडिबा, जन्मभर दुसऱ्यांचेच फोटो काढत राहिले. त्यांचा स्वतःचा बरा फोटो एकच, गारखेड्याच्या घरासमोर हसताना, आईनं काढलेला. तो त्यांच्या जुन्या डिजिटल कॅमेऱ्यात होता, तोही कार्डात नाही, कॅमेऱ्याच्या पोटातल्या मेमरीत. वायर जोडल्याशिवाय बाहेर येणार नव्हता, आणि कार्यक्रम दुसऱ्या दिवशी सकाळी.

अभयदादानं मॅक उघडला. त्या महागड्या यंत्रानं कॅमेऱ्याला ओळखच दिली नाही.

"एवढं जुनाट कोण वापरतं?" म्हणत दादानं दोष बाबांवरच ढकलला.

राजेंद्रदाजी, आमच्या ताईचे यजमान, खूशच झाले. "सरका तिकडं. सगळी दुनिया विंडोजवर चालती."

विंडोजनं ड्रायव्हर मागितला. त्याची सीडी कधीच हरवलेली, आणि असती तरी दाजींच्या लॅपटॉपला सीडी घालायला जागाच नव्हती. मग कुणाचं यंत्र भारी यावर दोघांची जुंपली. बाबांना जाऊन आठवडासुद्धा झाला नव्हता. मला अक्षरशः किळस आली.

मी खुलताबादला शिक्षिका आहे. शाळेच्या लॅपटॉपवर लिनक्स आहे म्हटल्यावर दोघं पहिल्यांदाच एकमतानं हसले. "फुकटातलं ते!" मी वायर जोडली. एकेक फोटो दिसायला लागला. शेवटी बाबा आले. फोटो लॅपटॉपवर उतरवून घ्यायचा तेवढा बाकी होता.

"थांब विशाखा, आता माझ्यावरबी दिसंल," म्हणत दादानं वायर ओढली. दाजींनी कॅमेरा धरून ठेवला होता. वायर खोबणीसकट उपटून हातात आली.

"तुम्ही धरला कशाला?"

"तुम्ही वढली कशाला?"

"लाज वाटू द्या जरा!" मी ओरडले. कॅमेऱ्याच्या स्क्रीनचा मोबाईलवर फोटो काढून पाहिला, तर बाबांच्या तोंडावर नुसत्या रेघा. तेवढ्यात कॅमेऱ्याचे सेल संपले.

आईनं टीव्हीच्या रिमोटमधले सेल काढून कॅमेऱ्यात घातले. "लई झालं तुमचं. उद्या ह्योच ठिवा टेबलावर."

सकाळी पांढऱ्या कापडावर, बुद्धमूर्तीशेजारी कॅमेरा ठेवला. हार मोठा पडला, म्हणून आईनं गजरा घातला. भंतेजींनी वंदना सुरू केली. थोड्या थोड्या वेळानं स्क्रीन आपोआप काळी व्हायची. मग आई जोडलेला एक हात सोडून बटण दाबायची, आणि बोटाएवढे बाबा पुन्हा हसायचे.

एकदा तिनं दाबलं, पण स्क्रीन उजळली नाही. ती दाबतच राहिली.

सेल आणायला मीच उठले. मागं दादा आणि दाजी आपापले मोबाईल शेजारी-शेजारी धरून बसले होते. बटण दाबणाऱ्या आईचा फोटो कुणाच्या मोबाईलवर चांगला आलाय, ते बघत होते.