पहिलं ताट

पिंपं होडीत चढवायला माझ्याच नवऱ्याने, लुमिरने हात लावला. मी त्याचा जेवणाचा डबा घेऊन काठावर उभी होते. शहरातून हातमोजे घातलेला एक तरुण आला होता. त्याला तळ्याचा तळ ठाऊक नव्हता, म्हणून होडी लुमिरने चालवायची असं ठरलं होतं. कसलं आहे हे, मी विचारलं.

"पाणी साफ करायचं औषध आहे म्हणे," लुमिर म्हणाला. "शेवाळ मरतं."

म्हणे! या माणसाचं सगळं आयुष्य दुसऱ्याच्या 'म्हणे'वर गेलं.

हे तळं पूर्वी तळं नव्हतंच. प्लॅट नदीच्या काठावरची ती वाळूची आणि खडीची खाण होती. लग्नाआधीपासून लुमिर तिथे उपशाच्या यंत्रावर होता. खणलं की खालून पाणी वर यायचं. पहिला खड्डा भरला, तेव्हा लुमिर आणि त्याचा जोडीदार लाडिस्लाव यांनी नदीतले मिशांचे मासे दुधाच्या कॅनमधून आणून त्यात सोडले. ट्रकच्या मागे कॅन धरून दोघं बसायचे आणि घरी येईपर्यंत नखशिखांत भिजलेले असायचे. म्हाताऱ्या मालकाने ते पाहिलं, पोट धरून हसला, आणि पूर्वेचा काठ कामगारांचा, असं म्हणून त्याने सगळ्यांशी हात मिळवला. परमुलखातून येऊन इथे वसलेल्या आमच्या चेक माणसांना तेवढं पुरतं. हात मिळवल्यावर कागद मागणं म्हणजे समोरच्याला चोर म्हणणं, असं मानणारी ही खुळी जमात.

तेव्हापासून ईस्टरच्या आधीच्या उपवासात, मांस वर्ज्य पण मासे चालतात म्हणून, दर शुक्रवारी चर्चच्या हॉलमध्ये त्याच तळ्यातले मासे तळले जात. मक्याच्या पिठात घोळवायचं काम आम्हा बायकांचं. पहिलं ताट, ज्या घरात त्या वर्षी माणूस गेलं असेल त्या घरचं. ते वाढल्याशिवाय फादरसुद्धा काट्याला हात लावत नसत. यंदा लाडिस्लाव गेला. पहिलं ताट त्याच्या बायकोचं, अल्बिनाचं. लुमिर हिवाळाभर तेच बोलत होता. बर्फ वितळू दे, लाड्याच्या ताटात मोठ्यात मोठा मासा मी घालणार.

म्हातारा मालक मेला आणि मुलाने खाण विकून टाकली. नव्या कंपनीने काठ तासून गुळगुळीत केले, गवत पेरलं, बंगल्यांचे प्लॉट पाडले आणि फाटक बसवलं. फाटकावर बगळ्याचं चित्र, खाली मोठ्या अक्षरांत: 'खासगी तळी. वन्यजीवांचं आश्रयस्थान.' मॅनेजर प्रेस्टन, आमच्या मुलापेक्षा लहान, लुमिरला म्हणाला राखणदार व्हा, मग तुम्हाला मासेमारीची मुभा. गावातले लोक टोमणे मारत होते, की स्वतःच्याच तळ्याचा पहारेकरी झालास. लुमिर ऐकून घ्यायचा. त्याला फक्त ते ताट दिसत होतं.

तर होडी फिरली, आणि पिंपं रिकामी झाली. लुमिरने एकही कोपरा सोडला नाही, कामात कुचराई त्याला कधी जमलीच नाही. जेवायला तो काठावर आला. डबा उघडला आणि त्याचा हात तसाच थांबला.

मासे वर आले होते. आधी लहान, मग मोठे, तोंडं पाण्याबाहेर काढून. मिशांचा मासा तळाशी राहणारा, तो कशाला वर येईल? लुमिर बुटांसकट पाण्यात शिरला. एकेकाला धरून तो हलवून पाहत होता. मी हाका मारत राहिले, त्याने मागे वळून पाहिलं नाही.

हातमोजेवाला गोंधळला. त्याला वाटलं होतं, यांना माहीत असेल. मी सरळ प्रेस्टनचं ऑफिस गाठलं. तो उठून उभा राहिला, खुर्ची पुढे केली, कॉफी विचारली. मी उभीच राहिले.

"ते हलक्या प्रतीचे मासे आहेत, ताई," तो म्हणाला. "प्लॉट घेणाऱ्यांना गळ टाकून खेळायला 'बास' जातीचे मासे लागतात. आधीचे काढल्याशिवाय नवे सोडता येत नाहीत."

"मग त्याला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर त्यांनी होडी चालवली असती का?"

इतक्या शांतपणे बोलला मेला, की मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. दिली नाही, याचा मला अजून राग येतो. वन्यजीवांचं आश्रयस्थान म्हणे! बगळा चालतो, तो खिडकीतून छान दिसतो. मिशांचा मासा चालत नाही, कारण तो गरिबाच्या ताटात असतो.

लुमिरने त्याच दिवशी फाटकाची किल्ली परत केली. घरी येऊन गॅरेजमधला जुना दुधाचा कॅन काढला, घासून लख्ख केला आणि पुन्हा होता तिथे ठेवून दिला.

शुक्रवारी मी म्हटलं, नको जाऊ या. हॉलवर मी बाजारातले मासे पोचवलेत, कोणाला काही कळायचं नाही. तो इस्त्रीचा शर्ट चढवत होता.

हॉल भरला होता. अल्बिना पहिल्या खुर्चीवर, काळ्या कपड्यांत. तिच्यासमोर ताट ठेवलं होतं, रिकामं. मासे वाढायला लुमिरने पुढे व्हायचं होतं. तो पुढे झाला, पण भांडं न घेता. टोपी हातात धरून तिच्यासमोर उभा राहिला.

"अल्बिना, लाड्याचे मासे मेले," तो म्हणाला. "औषध मी ओतलं."

बस्स, एवढंच. कंपनीचं नाव नाही, प्रेस्टनचं नाव नाही, 'मला फसवलं' असंही नाही. मी मागून ओरडणार होते की खरं काय ते सांग यांना. पण तळणीजवळच्या बायकांनीसुद्धा झारे खाली ठेवले होते.

अल्बिनाने शेजारची खुर्ची ओढली, जिच्यावर लाडिस्लाव बसायचा ती, आणि लुमिरला हाताला धरून तिथे बसवलं. आपलं रिकामं ताट तिने उपडं घातलं. कोणी काही न सांगता फादरनेही स्वतःचं ताट उपडं घातलं, आणि मग टेबलाच्या पार टोकापर्यंत ताटं उपडी होत गेल्याचा आवाज येत राहिला.