चौदा दिवसांची खोली

सैन्यात सोळा वर्षं ट्रक चालवलेला एक ड्रायव्हर बायको, मुलगी आणि सासू यांना घेऊन माजी सैनिकांच्या निवाऱ्यात दाखल झाला. सोबत पाच बोचकी आणि एक टेबलफॅन. फॅन सासूबाईंनी छातीशी धरला होता. जावयाच्या हातातसुद्धा दिला नव्हता.

निवाऱ्याच्या व्यवस्थापक बाईंनी नऊ नंबरची खोली उघडून दिली आणि दारावरच्या कार्डावर लिहिलं : माणसं चार, मुक्काम चौदा दिवस.

"तेवढ्या दिवसांत गृहनिर्माण कचेरीत अर्ज करा," त्या म्हणाल्या. "अर्ज आत गेला की मला मुदत वाढवता येते. अर्जच नसला तर माझा नाइलाज."

"उद्याच जातो," ड्रायव्हर म्हणाला.

खोलीत दोन दुमजली पलंग होते आणि एक कपाट. कपाटाचं दार उघडलं की ते पलंगावर आपटायचं, म्हणून एकाला कपडे काढायचे असले की बाकीच्यांनी पाय वर घ्यायचे. स्वयंपाकघर सामाईक होतं. एकेका कुटुंबाला पाऊण तास. बायको हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात कामाला होती. सातची पाळी गाठायची म्हणून ती पहाटेचा पाऊण तास घ्यायची आणि नवऱ्याचा डबा भरून ठेवायची. सैन्यातून सुटल्यावर ड्रायव्हर ज्या मालवाहतूक कंपनीत होता ती बंद पडली, नोकरी गेली आणि नोकरीबरोबर कंपनीची खोलीही गेली, एवढं तिला ठाऊक होतं. नवऱ्यानेच तसं सांगितलं होतं.

तो रोज आठला कागदांची पिशवी आणि डबा घेऊन निघायचा. संध्याकाळी परत आला की म्हणायचा, "साहेब रजेवर आहेत." दुसऱ्या दिवशी, "कागद वर गेलाय." तिसऱ्या दिवशी, "आज मशीन बंद होतं." खोलीत आला तरी तो टेकायचा नाही. खिडकीपाशी जायचा, दाराची कडी बघायचा, जिन्यापर्यंत जाऊन परत यायचा. जेवतानासुद्धा ताट हातात धरून उभा.

"बाबा, बसा ना," अकरा वर्षांची लेक म्हणायची. "तुम्ही चालता तर मला गणितं चुकल्यासारखी वाटतात."

तो बसायचा आणि मिनिटभरात उठायचा.

नवव्या दिवशी सासूबाई गुडघ्याचं मलम आणायला बाहेर पडल्या. बसस्टँडच्या कुंपणाबाहेर त्यांना जावई दिसला. पिशवी काखेत मारून तो कुंपणाच्या कडेने चालत होता. टोकाला गेला, वळला, परत आला. समोरच गृहनिर्माण कचेरी होती. तिच्या पायऱ्यांपर्यंत गेला आणि तिथूनही वळला. सासूबाईंनी हे तीनदा बघितलं. मग मलमाचा नाद सोडून त्या रस्ता ओलांडून त्याच्यासमोर उभ्या राहिल्या.

"काय जावईबापू, साहेब आले का रजेवरून?"

त्याने पिशवी एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली.

"चला. मी येते बरोबर. मला बघून तरी तुम्हाला पळता येणार नाही, आणि माझ्या गुडघ्यांना तुमच्या मागे धावता येणार नाही. दोघांचीही सोय."

आत गर्दी फारशी नव्हती. काचेपलीकडे एक कारकून बाई होत्या, चष्मा डोक्यावर चढवलेला. त्यांनी अर्ज पुढ्यात घेतला आणि एकेक विचारून भरायला लागल्या. सेवेची वर्षं, कुटुंबात किती जण, कुणाला जिने चढता येत नाहीत का. तिथे सासूबाईंनी आपणहून हात वर केला. मग पुढचा प्रश्न आला.

"आधीचं घर कशामुळे सोडावं लागलं?"

ड्रायव्हर खुर्चीवरून उठला.

"कंपनी बंद पडली, लिहा," सासूबाई म्हणाल्या.

बाईंनी कंपनीचं नाव पुन्हा वाचलं. "बंद कुठे? आज सकाळीच त्यांची गाडी आमची कपाटं उतरवून गेली."

सासूबाईंनी जावयाकडे बघितलं. तो दाराकडे बघत होता. दार दहा पावलांवर होतं. पण वाटेत सासूबाईंची खुर्ची होती आणि त्या काही हलल्या नाहीत.

"मी पुलावर गाडी थांबवली," तो उभ्यानेच म्हणाला. "माल भरलेला होता. पुढच्या ट्रकचा टायर फुटला. नुसता आवाज. आणि माझे हात स्टिअरिंगवरून सुटेनात. गाडी चालू, माणूस शुद्धीत, सगळं कळतंय, पण हात सुटत नाहीत. मागे पाऊण तास गाड्या खोळंबल्या. शेवटी दोघांनी चढून एकेक बोट सोडवलं. तिसरी वेळ होती. कंपनी म्हणाली, आता नको."

कारकून बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. सासूबाईंना वाटलं, आता अर्ज परत येणार. पण बाईंनी पान उलटलं.

"मग हे खालच्या रकान्यात येतं," त्या म्हणाल्या. "उपचार सुरू असतील तर सहा महिन्यांसाठी घर मिळतं. दवाखान्याची चिठ्ठी देते, गुरुवारी जा. पहिल्या दिवशीच आला असतात तर एव्हाना काम झालं असतं."

"एवढंच?" त्याने विचारलं.

"एवढंच. इथे सही करा. बसून करा, टेबल हलतंय."

बाहेर आल्यावर सासूबाई मलम न घेताच निवाऱ्याकडे निघाल्या. निवाऱ्याचं फाटक आलं तेव्हा म्हणाल्या, "संध्याकाळच्या आत माझ्या मुलीला सांगा. नाहीतर मी सांगेन, आणि मला नीट सांगता येत नाही."

तीन वाजता तो धुलाईखान्याच्या दाराशी जाऊन उभा राहिला. बायको बाहेर आली. गरम पाण्याने तिची बोटं सुरकुतली होती. त्याला तिथे बघून ती घाबरली. "लेक बरी आहे ना?"

"बरी आहे. मला सांगायचंय."

त्याने चालता चालता सगळं सांगितलं. पूल, हात, कंपनी, कुंपण. ती ऐकता ऐकता झपाझप पुढे निघाली आणि तो मागे पडला. कोपऱ्यावर ती गर्रकन वळली.

"पुलाचं मला काही वाटत नाही. घाबरला होतात, घाबरतो माणूस. पण रोज पहाटे उठून मी डबा भरला, आणि तुम्ही मला साहेबांच्या रजा सांगितल्यात. कुठे खाल्लात तो डबा?"

"बसस्टँडच्या मागे."

"बसून?"

"उभ्याने."

तिला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला. त्या दिवशी ती त्याच्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे मात्र डबा भरून ठेवलेला होता.

गुरुवारी दवाखान्यात त्याला खुर्चीवर बसवेना. डॉक्टर बाई म्हणाल्या, "चला, बाहेर चालत बोलू." लांबलचक व्हरांड्यात दोघांनी अकरा फेऱ्या मारल्या. बायको अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली होती. ती बाकावर बसून फेऱ्या मोजत राहिली.

व्यवस्थापक बाईंनी मुदत तीन आठवड्यांनी वाढवली. ती संपायच्या चार दिवस आधी तळमजल्यावरचं दोन खोल्यांचं घर मिळालं. सहा महिन्यांसाठी. पुढचं पुढे.

निघायच्या सकाळी सासूबाई आणि लेक खाली टेम्पोची वाट बघत होत्या. तो बोचकी बांधत होता. गाठ मारायची, सोडायची, पुन्हा मारायची, असं त्याचं चाललं होतं. बायको एका बोचक्यावर बसली.

"पुलावर गाडी थांबली तेव्हा काय दिसत होतं तुम्हाला?"

त्याचे हात थांबले. हे डॉक्टर बाईंनीही अजून विचारलं नव्हतं. तो समोरच्या बोचक्यावर टेकला आणि सांगायला लागला. शब्द सापडत नव्हते. मागे जायचा, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. खाली टेम्पोने दोनदा हॉर्न दिला तेव्हा तो दचकून उठला.

"उठू नका," ती म्हणाली. "थांबेल तो. पुढे सांगा."