उस्तादांच्या कात्रीखाली

मी तरवड बोलतोय. वैतागून बोलतोय, हे आधीच सांगून टाकतो.

जन्म रोपवाटिकेतल्या काळ्या पिशवीत झाला, पण आमचं घराणं माळरानावरचं. ऊन खाऊन जगणारं. या घरच्या बाईंनी अंगणात आधी गुलाब आणि हिरवळ लावली होती. नळाला पाणी एक दिवसाआड, त्यातही निम्मी हवाच. गुलाब वाळले, हिरवळीचा खराटा झाला, तेव्हा कुठे माझी आठवण झाली!

"हा कमी पाण्यात जगतो म्हणे. पिवळीधमक फुलं येतात," असं बाई शेजारणीला सांगत होत्या आणि सांगता सांगता माझ्या बुंध्याशी बादली ओतत होत्या. माझी पानं पिवळी पडली. "तहानलाय बिचारा," म्हणून आणखी एक बादली! पुढे पाणीटंचाई वाढली म्हणून मी वाचलो. मुळं खोल गेली, अंग धरलं.

आणि मग उस्ताद घरी बसले.

उस्ताद म्हणजे बाईंचे यजमान. चौकात त्यांचं सलून होतं, गिऱ्हाइकांनीच त्यांना हे नाव दिलेलं. पण हात थरथरायला लागला. एकाच्या कानाला कात्री लागली आणि बाकीचे खुर्चीत बसायला कचरू लागले. सलून बंद झालं. कात्री-कंगवा तेवढा घरी आला.

समोर मी. झिंज्या वाढलेला.

रोज चहा झाला की उस्ताद स्टूल घेऊन हजर. मान तिरकी करून मला चारी बाजूंनी न्याहाळायचे आणि मग कचकच, कचकच. "मान जरा खाली," असंही एकदा म्हणाले. मला! मला कापून कापून त्यांनी पार चेंडू केला. अहो, माझ्या कळ्या शेंड्यांनाच येतात. कळी धरली की कात्री फिरलीच. सुरवंट परवडला, पोट भरलं की निदान थांबतो तरी.

बाई माझ्यावरच चिडल्या. "नुसता पाला! फुलाचं नाव नाही. उपटूनच टाकते. तिथे कपडे वाळत घालायला खांब होईल."

"राहू दे गं," उस्ताद म्हणाले. "किती छान आकार आलाय त्याला."

घ्या! मारणाराही हाच आणि वाचवणाराही हाच.

माझी एक फांदी मात्र भिंत आणि पाण्याची टाकी यांच्या फटीत शिरली होती. तिथे उस्तादांचा हात पोचत नसे. टाकीत पाणी किती उरलंय ते बघायला बाई एकदा तिकडे गेल्या आणि ओरडल्याच, "अहो, इकडे या आधी! याला फुलं येतात! तुम्ही येऊ देत नाही!"

आता चांगलीच जुंपणार, म्हणून मी खुशीत होतो. पण उस्ताद त्या पिवळ्या घोसाकडे बघतच राहिले. कात्री त्यांनी खिशात टाकली. थरथरता हात पाठीमागे नेला.

"मग मी दिवसभर करू काय?" एवढंच म्हणाले.

बाईंनी स्टूल ओढलं, माझ्या शेजारी बसल्या आणि अंबाडा सोडला. उभ्या संसारात त्यांनी नवऱ्याची कात्री केसांना लावू दिली नव्हती.

"माझे कापा. खांद्यापर्यंत."

"हात हलतो गं."

"ठाऊक आहे. मी हलणार नाही."

आणि खरंच हलल्या नाहीत. एका बाजूला खांद्यापर्यंत, दुसरीकडे जेमतेम कानाखाली, असे केस कापले गेले. शेजारणीने हसू दाबत विचारलं, "कुठे कापलेत हो?"

"उस्तादांकडे," बाई ताठ मानेने म्हणाल्या. "आधी सांगून यावं लागतं."

सध्या मी नखशिखांत फुललोय. भुंग्यांनी डोकं उठवलंय, पण ते चालतं. काळजी वेगळीच आहे. बाईंचे केस वाढायला वेळ लागतो, आणि स्टुलावर बसलेल्या उस्तादांची नजर अधूनमधून माझ्या शेंड्यांवर रेंगाळते. म्हणून हात जोडून सांगतो, तुमच्यापैकी कुणाचे केस वाढले असतील तर या. कानाची हमी मी देत नाही. पण मला शेंगा धरायला सवड हवी आहे आणि त्यांना एक डोकं.